राहून गेलेलं गाणं

कारखान्यातलं मोठं टेबल बाबांनी झाडून रिकामं करायला सांगितलं, तेव्हाच आईनं ओळखलं की आज इथे काच नाही, माणसं कापली जाणार. या घरातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी ह्याच टेबलाभोवती ठरत आल्या होत्या. तिच्या लग्नाची बोलणीसुद्धा इथेच झाली होती. त्या दिवशी टेबल नीट झाडलं नव्हतं आणि तिच्या वडिलांच्या तळहातात काचेची कणी घुसली होती. "चला, रक्ताचं नातं जुळलं!" म्हणून सासरे खो खो हसले होते. वडील मात्र घरी गेल्यावर म्हणाले होते, "पोरी, माणसं देवभोळी आहेत, पण जपून राहा."

शनिवारची दुपार होती. उद्याच्या उपासनेत नव्या चर्चच्या मोठ्या खिडकीचं समर्पण व्हायचं होतं. ती खिडकी ह्या घरानं चर्चच्या मंडळीला वाहिली होती, मजुरीसकट. आराखडा धाकट्या मुलाचा, रंगकाम त्याच्या बायकोचं, जोडणी थोरल्याची. शेवटचं तावदान बसवताना धाकटा वरून पडला आणि गेला. तेव्हापासून खिडकीवर आतून चादर टाकलेली होती. ती उद्या निघणार होती.

टेबलाच्या डोक्याशी बाबा बसले होते. पांढरा सदरा, दाढी केलेली. त्यांच्या उजवीकडे त्यांची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची आत्या. नवरा वारल्यावर ती भावाकडे आली ती इथलीच झाली. मंडळीत तिला सगळे 'पहिली घंटा' म्हणत, कारण कुठलीही बातमी घुमायला लागायची ती तिच्यापासूनच. समोर धाकटी सून, हाताच्या नखांत अजून निळा रंग. आणि थोरला दाराशी, उभा. तो हल्ली कुठेच बसत नसे.

"बस ना रे," आई म्हणाली.

"बरा आहे."

बाबांनी घसा साफ केला. "उद्या चादर निघाली की आपलं सगळं घर खिडकीखाली उभं राहील आणि गाणं म्हणेल. सगळी कडवी. त्या दिवशी ते राहून गेलं. परमेश्वरासमोर काम अर्धवट टाकायचं नसतं."

राहून गेलं. हे दोन शब्द आले की आई त्यांच्याकडे बघायचं टाळायची. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

ते गाणं म्हणजे ह्या घराचा कणा. बाबांच्या आजोबांनी ते रचलं होतं. अगदी साधं, कारागिराच्या तोंडचं: 'उजेड तुझा, काच आमची, धूळ पुसून घे, प्रभू, आमची.' घरात मूल जन्मलं की ते म्हणायचं, माणूस मातीत ठेवला की तेच म्हणायचं, त्याच सुरात, एकही कडवं न गाळता. सुखात देवाला हाक आणि दुःखात अबोला, हे ह्या घराला मंजूर नव्हतं. एकदा कारखान्याला आग लागून वर्षभराची काच फुटली, तेव्हा सासऱ्यांनी त्या तुकड्यांच्या ढिगात उभं राहून ते म्हटलं होतं. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागलं. आईला तेव्हा वाटलं होतं, असं वेड आपल्यालाही लागावं.

पण ह्या गाण्याचं आणखी एक काम होतं, आणि ते फक्त ह्या घराला ठाऊक होतं. उंचावर तावदान बसवताना बाहेरच्या बाजूनं एकजण फळीवर बसून काम करतो. ती फळी दोरावर, दोर कप्पीवरून खाली, आणि खाली खुंट्याला वेढे देऊन धरलेला. वर काच बसली, बाहेरचा माणूस बाजूच्या झरोक्यातून आत आला, की फळी उतरवायला खाली दोर सोडायचा. पण खालच्याला वरचं दिसत नाही, आणि आरडाओरडा तर बांधकामावर सगळेच करतात. म्हणून त्याच आजोबांनी ठरवून टाकलं होतं, माणूस आत आला की आतला गाणं सुरू करेल, आणि गाणं ऐकू आलं की खालचा दोर सोडेल. तोपर्यंत कामावर कुणी गुणगुणायचंसुद्धा नाही. स्तुती सगळ्यात शेवटी, माणूस सुखरूप असताना. तीन पिढ्या ह्यात कधी चूक झाली नव्हती.

त्या दिवशी आतल्या परांचीवर बाबा होते, बाहेर फळीवर धाकटा, खाली दोरापाशी एकटा थोरला. तावदान चौकटीत चपखल बसलं. तेवढ्यात ऊन फिरलं आणि निळा-तांबडा उजेड आतल्या फरशीवर सांडला. बाबांनी आयुष्यभर काचेचं काम केलं, पण असा उजेड त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचं मन भरून आलं आणि ते गायला लागले. धाकटा अजून बाहेरच होता, काचेच्या कडेला भरलेला लांबीचा लगदा पुसत. खाली थोरल्यानं गाणं ऐकलं आणि दोर सोडला.

बाबांना आपण गायलो हे आठवतच नव्हतं. काच बसलेली आठवत होती, उजेड आठवत होता, आणि मग ती किंकाळी. मधलं सगळं पुसून गेलं होतं. गाणं ओठावर आलं आणि राहून गेलं, अशीच त्यांची खात्री होती. धाकट्याला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्यानं आईला खरं सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात, कपाळ चौकटीला टेकून. बाकी जगाला त्यानं दोनच शब्द सांगितले होते: "हात सुटला."

"गाणं होईलच, दादा," आत्या म्हणाली. "पण त्याआधी एक व्हायला पाहिजे. मंडळीत कुजबुज आहे. मी काही म्हणत नाही, लोक म्हणतात."

लोकांच्या तोंडी ते कुणी घातलं हे आईला माहीत होतं. तिनं नुसतं पाहिलं.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"की ज्याच्या हातून दोर सुटला तो तसाच स्तुतीला कसा उभा राहणार? मन साफ नको का? थोरल्यानं वेदीपुढे यावं, सगळ्यांसमोर चूक कबूल करावी, क्षमा मागावी. मग गावं. त्याचंही ओझं उतरेल."

बाबांनी टेबलावरची उरलेली धूळ बोटानं टिपली. मग म्हणाले, "मलाही तेच वाटतं. बाळा, मी तुला कधी एका शब्दानं बोललो का?"

"नाही, बाबा."

"बोलणारही नाही. पण परमेश्वरापुढे उभं राहायचं तर मोकळं होऊन उभं राहायचं."

धाकट्या सुनेनं मान वर केली. पूर्वी ती थोरल्याला दादा म्हणायची. आता ती त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. त्याच्याशी बोलायचं असलं तरी भिंतीकडे बघून बोलायची.

"मला क्षमा-बिमा काही नको," ती म्हणाली. "मला फक्त कळायला हवंय. वेढे घातलेला दोर आहे. हात सुटला तरी दोर सरकतो, असा धाडकन जात नाही. मी ह्याच कारखान्यात काम करते, मला कुणी वेडं समजू नये. वेढे कुणी काढले?"

"मी काढले," थोरला म्हणाला.

"का?"

तो दाराच्या कडीशी चाळा करत राहिला.

"बघा, आत्या, हे असं. का म्हटलं की दगड. भावाचा जीव गेला आणि ह्यांना एक कारण देता येत नाही!"

"उद्या देईन," थोरला म्हणाला. "वेदीपुढे सांगेन सगळ्यांना. माझं लक्ष नव्हतं. माझी चूक. झालं? आणि परवा आम्ही निघतो. बाटल्यांच्या कारखान्यात जागा मिळाली आहे. हिनं सामान बांधलंय."

"निघता म्हणजे?" बाबांचा आवाज चिरकला. "मला दोन मुलगे होते."

"म्हणून तर," तो म्हणाला, आणि मागच्या खोलीत निघून गेला.

आई उठून त्याच्या पाठोपाठ गेली. मागच्या खोलीत काचेच्या पेट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, मधोमध पेंढा. थोरला एका पेटीवर बसला होता. आईसमोर बसला, हेच तिला खूप वाटलं.

"वेदीपुढे खोटं बोलशील?" तिनं हळूच विचारलं.

"अर्धं खरं आहे. दोर मीच सोडला."

"अर्धं खरं म्हणजे पुरतं खोटं. लहानपणी तुला ह्यासाठी फटके दिलेत मी."

तो हसल्यासारखा झाला. "दे आताही. आई, बाबा रोज सकाळी उठून गातात की नाही? धाकट्याला पुरून आलो त्या दिवशीही गायले. आपण सगळे नुसते ओठ हलवत होतो, ते खरं गात होते. त्यांचा अजून देवावर विश्वास आहे. घरात एकट्याचाच उरलाय. त्यांना सांगू, की बाबा, तुमच्या गाण्यानं पोरगा गेला? मग ते कशाला धरून उभे राहतील?"

"आणि तू कशाला धरून राहशील?"

"मला हात आहेत. कुठेही काम मिळेल."

"मी कामाचं विचारलं का रे?"

तो पेंढ्याची काडी मोडत राहिला. "मला प्रार्थना येत नाही आता. डोळे मिटले की तो आवाज येतो. मला नाही वाटत ती परत येईल. म्हणजे माझं जायचं ते गेलंच आहे, आई. बाबांचं कशाला घालवायचं?"

आईला त्याला सांगावंसं वाटलं की बाळा, माझंही गेलंय. मी चर्चमध्ये बसते, पुस्तक उघडते, आणि आत नुसती राख असते. पण आईनं असं सांगितल्यावर मुलानं कुठे जायचं? तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. केसांत काचेची बारीक धूळ होती, कायमचीच. इकडे आड, तिकडे विहीर. नवऱ्याची भक्ती वाचवायची तर मुलाला बळी द्यायचं, मुलाला वाचवायचं तर नवऱ्याचं उभं आयुष्य मोडायचं. तिनं देवाला विचारायचं म्हणून डोळे मिटले. काही उत्तर आलं नाही. खरं तर आलं असतं तरी तिनं ते ऐकलं नसतं, इतकी ती त्याच्यावर चिडलेली होती.

बाहेरून आत्याचा आवाज येत होता. "काळा कोट घाल म्हणावं त्याला. आणि फार लांबण लावू नको म्हणावं, पुढे खिडकीची प्रार्थना आहे."

ते ऐकलं आणि आईचा पाय उचलला. पुढे तिला कुणी विचारलं असतं की तू का बोललीस, तर ती थोर काही सांगू शकली नसती. काळा कोट तिच्या डोक्यात गेला, एवढंच खरं.

"आई, नको," थोरला मागून म्हणाला.

ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. "तो कोट घालणार नाही आणि क्षमाही मागणार नाही."

"वहिनी, अहो, त्याच्याच भल्यासाठी..."

"वन्सं, तुम्ही जरा गप्प बसा. आयुष्यात एकदा." आत्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आई नवऱ्याकडे वळली. सगळं आयुष्य ती ह्या माणसाच्या शेजारी उभी राहून गायली होती. त्याचा सूर कुठे डगमगतो, तो श्वास कुठे घेतो, तिला पाठ होतं. "अहो," ती म्हणाली, "गाणं राहून गेलं नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी. तुम्ही गायलात. काच बसली, उजेड आला आणि तुम्ही गायलात. धाकटा अजून बाहेर होता."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. समजून घ्यायला त्यांना वेळ लागला. आधी कपाळावर आठी आली, मग ती गेली, आणि मग चेहऱ्यावरचं सगळंच गेलं.

"नाही," ते म्हणाले. "मी आधी कसा गाईन? मी? माझ्या आजोबांनी..." ते थांबले. मागच्या दारात थोरला येऊन उभा होता. बाबांनी त्याला विचारलं, "तुला ऐकू आलं?"

थोरल्यानं आईकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"आलं, बाबा."

"स्पष्ट?"

"स्पष्ट."

"दुसरं कुणी असेल. कुणी मजूर..."

"बाबा, तुमचा आवाज मी ओळखणार नाही का?" आता त्याचा बांध फुटला. "मी दोन ओळी ऐकत थांबलो. इतकं सुंदर तुम्ही कधीच गायला नव्हतात. मला वाटलं, झालं, खिडकी झाली, सगळे सुखरूप आहेत. मलाही गावंसं वाटलं. मी पण गायलो, बाबा. गात गातच मी वेढे काढले."

हे दुसरं आईलाही माहीत नव्हतं. एवढं एक त्यानं तिच्यापासूनही झाकून ठेवलं होतं.

धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं. ती रडत नव्हती. ती थोरल्याकडे बघत होती, भिंतीकडे नव्हे, आणि तिचे डोळे इतके मोठे झाले होते की आईला भीती वाटली. मग ती उठली, खुर्ची पडली ती तशीच टाकून अंगणात निघून गेली.

"तू मला का नाही सांगितलंस?" बाबांनी थोरल्याला विचारलं.

"कसं सांगू?"

बाबांनी टेबलावर हात टेकले, उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. "मी रोज सकाळी त्याच्यापुढे गात होतो," ते पुटपुटले. "रोज. आणि तो ऐकून घेत होता." 'तो' म्हणजे मुलगा की देव, हे आईला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळपर्यंत बाबा कारखान्यातच बसून राहिले. आई दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "माझा आनंद खोटा होता का गं?" ती म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "तेच तर. खोटा असता तर बरं झालं असतं." दुसऱ्यांदा गेली तेव्हा ते टेबलावर डोकं टेकून बसले होते. आत्यानं चर्चच्या पाळकांकडे निरोप पाठवला की घरचं गाणं होणार नाही, चादर काढा आणि समर्पण करून टाका. निरोपात तिनं कारण घातलं नाही. पहिली घंटा त्या दिवशी पहिल्यांदाच मुकी राहिली.

आईनं स्वयंपाक केला. माणूस मेला तरी चूल पेटते, हे तिच्या आईचं वाक्य. ताटं मांडताना तिला वाटत होतं, आपण मुलाचं नाव साफ केलं आणि घराचा देव काढून घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिनं उघडली, आणि आता कुणाच्याच हातात काही नव्हतं. थोरल्या सुनेला तिनं ‘बांधलेलं सामान सोड’ म्हणून सांगितलं नाही. तेवढा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हेच तिला समजेना.

तरी सगळे जेवायला आले. धाकटी आली, डोळे सुजलेले. थोरला आणि थोरली आली. धाकट्याच्या जाण्यानंतर थोरला ह्या टेबलाशी पहिल्यांदाच बसत होता. शेवटी बाबा आले, एका दुपारभरात वाकलेले, आणि आपल्या जागेवर बसले.

जेवणाआधीची प्रार्थना नेहमी बाबाच म्हणायचे. लांबलचक. मुलं लहानपणी एकमेकांना कोपरखळ्या मारत मोजत बसायची, आता कोणत्या मिशनऱ्याचं नाव येईल, आता कोणत्या आजाऱ्याचं. सगळ्यांनी सवयीनं माना खाली घातल्या. आईनंही घातली.

"हे प्रभू," बाबा म्हणाले.

आणि थांबले.

आई वाट बघत होती. पातेल्यातून वाफ येत होती, ती हळूहळू कमी झाली. आत्याच्या नाकाचा आवाज येत होता. थोरली कुणाला दिसणार नाही असे डोळे पुसत होती. बाबांचा श्वास आत जायचा, शब्द येणारसं वाटायचं आणि नुसताच बाहेर पडायचा. एकदा. पुन्हा एकदा.

"बाबा, पुढे म्हणा," धाकटी हळूच म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "पुढे नाही गं काही. शोधलं मी. एवढंच आहे."

थोरल्यानं डोळे उघडले होते. आईनंही. सगळे धाकटीकडे बघत होते. का, ते कुणाला सांगता आलं नसतं, पण पुढे काय करायचं हे तिच्याच हातात आहे, असं त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं. तिनं आपल्या ताटाची कड धरली. क्षणभर आईला वाटलं, ही आता ताट भिरकावेल. भिरकावलं असतं तर कुणी तिला अडवलं नसतं.

"एवढंच असेल तर एवढंच," ती म्हणाली. "आमेन."

मग तिनं थोरल्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि त्याला आधी वाढलं.